अहवालातून गाळलेली दोन वाक्यं

अहो, रेवा आणि कबीरने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितलं, आजी, आजोबांबद्दल लिहून पाठव, आणि इंग्लिशमध्ये लिही, म्हणजे आम्हाला वाचता येईल. मी हो म्हटलं. टेबल पुसलं, कागद काढले, इंग्लिशमध्ये पहिलं वाक्य लिहिलं आणि त्याच्याकडे बघत तासभर बसून राहिले. मग तो कागद फाडला. तुमच्या नावाने मी जे काही लिहिलं ते सगळं इंग्लिशमधून लिहिलं, आणि त्यात एकदा खोटं लिहिलं. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, थेट तुम्हाला. मुलांना त्यांचा बाबा, आपला अमोल, वाचून दाखवील. त्यालाही यातलं काही माहीत नाही, तेव्हा वाचताना तो मध्येच थांबला तर मुलांनी त्याला घाई करू नये.

तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. तुमची दोन्ही घड्याळं अजून शेल्फवर चालू आहेत. सामन्याला निघताना तुम्ही दोन्ही मनगटांवर एकेक बांधायचात, एक सलग चालणारं आणि एक कोणी जखमी झालं की थांबवायचं. लग्न झालं तेव्हा मला ते फार गावठी वाटलं होतं. दोन घड्याळं लावून चाललेला माणूस, काळी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि बरोबर मी, कॉन्व्हेंटमधून शिकून इंग्लिश शिकवणारी बाई. वळणावर आले की मी दोन पावलं मागे राहायचे. तुम्हाला वाटायचं माझी चप्पल चावते.

मुलांना तुम्ही माहीत आहात ते कार्डवाले आजोबा म्हणून. कबीरने भेंडी ताटाच्या कडेला सारली की तुम्ही खिशातून खरंखुरं पिवळं कार्ड काढायचात, वहीत मिनिट लिहायचात आणि गंभीरपणे सांगायचात, "आठवं मिनिट, भेंडीशी गैरवर्तन. पुढच्या वेळी बाहेर." तो हसून लोळायचा आणि भेंडी खायचा. माझी आणि सासूबाईंची जुंपली की तुम्ही मैदानावरच्यासारखे दोन्ही हात पुढे पसरून "खेळ चालू" म्हणायचात आणि पेपर वाचायला बसायचात. त्या वेळी मला संताप यायचा. आता घरात भांडायला कोणी नाही आणि हात पसरायलाही कोणी नाही.

कोलशेतच्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात. सहा दिवस मशिनं, सातव्या दिवशी खोपटच्या डेपोतून एसटी धरून मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, जिथे सामना असेल तिथे. आपल्याकडे फुटबॉल बघायला माणसं ती किती येणार. मैदानावर एकीकडे क्रिकेटचे चार डाव चालू, त्यातून वाट काढत तुमचे बावीस खेळाडू पळायचे आणि त्यांच्यामागे तुम्ही. मला शाळेत कोणी विचारलं, मिस्टर काय करतात, की मी म्हणायचे, इंजिनिअरिंगमध्ये आहेत. रविवारबद्दल मी बोलतच नसे.

एकदा मी डबा विसरले होते. तुम्ही त्या दिवशी रजा टाकून कुठल्याशा आंतरशालेय सामन्याला गेला होतात; घरी डबा दिसला तसे तो घेऊन आलात, चिखलाच्या बुटांनी. व्हरांड्यात आमच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "आमच्या ओळखीचे आहेत." तुम्ही ऐकलंत. डबा माझ्या हातात दिलात, त्यांना नमस्कार केलात आणि गेलात. संध्याकाळी मी वाट बघत होते की आता काही बोलाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस ना?"

हे मुलांना सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं यातूनच आलं.

प्रत्येक सामन्यानंतर रेफरीला अहवाल पाठवावा लागतो. गोल किती, पिवळं कार्ड कोणाला, मैदानाबाहेर काढलं असेल तर कोणाला आणि का. ज्याचं नाव अहवालात येईल त्याच्यावर बंदी. मैदानात कोणी काय पाहिलं याला मग किंमत नसते, कागदावर काय आहे ते खरं. तो अहवाल इंग्लिशमधून जायचा आणि तुमचं इंग्लिश बेताचं. म्हणून आपली पद्धत पडली होती. तुम्ही मोरीच्या उंबऱ्यावर बसून काडीने बुटांच्या खिळ्यांतला चिखल काढायचात आणि मराठीतून सांगायचात, मी टेबलाशी बसून उतरवून घ्यायचे. सकाळी शाळेला जाण्यापूर्वी त्याची इंग्लिश प्रत करायची, कार्बन घालून. एक प्रत फुटबॉल संघटनेला, एक आपल्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे. तुम्ही उभ्याउभ्या सही करायचात. कधी वाचून पाहिलं नाहीत. "तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार," म्हणायचात. माझी ती ऐट होती. संसारात तुम्हाला माझ्याशिवाय न जमणारी तेवढी एकच गोष्ट होती.

कल्याणच्या त्या सामन्याला आता तीस वर्षं होतील. मैदान म्हणजे नुसता रेंदा होता, खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे दिसत नव्हते. कॉर्नर किकच्या गर्दीत कोणीतरी कोपर मारलं, एकाचं नाक फुटलं, आणि तुम्ही चार नंबरच्या खेळाडूला लाल कार्ड दाखवलंत. हरेश्वर त्याचं नाव, दिवा स्टेशनाकडच्या गावातला, बावीस वर्षांचा. वाडवडील मिठागरात राबलेले, आणि घरात नोकरीला लागणारा तो पहिला ठरणार होता. एका मोठ्या कंपनीच्या संघाची माणसं त्या महिन्यात त्याचा खेळ बघायला येणार होती, आणि संघात निवड म्हणजे कायमची नोकरी. कार्ड बघून तो कानांना हात लावत राहिला, देवाशपथ मी नाय म्हणत राहिला. तुम्ही बाहेर बोट दाखवलंत.

सामना संपल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये लाइनमनने तुम्हाला सांगितलं की कोपर दुसऱ्याने मारलं. तो शेजारीच उभा होता, त्याच चणीचा, तितकाच चिखलाने भरलेला. तुम्ही तिथल्या तिथे हरेश्वरला बोलावलंत आणि म्हणालात, "चूक झाली माझी. अहवालात लिहितो. तुझ्यावर बंदी येणार नाही."

हे सगळं तुम्ही घरी येऊन मला सांगितलंत. बूट हातात होते पण काडी चालत नव्हती. मग म्हणालात, "लिही. चार नंबरचा खेळाडू निर्दोष आहे. चूक माझी आहे."

मी पेन खाली ठेवलं. त्याच महिन्यात वरच्या यादीसाठी रेफरींची नावं ठरायची होती. तुमच्या वयाला ती शेवटची संधी होती. त्या यादीत गेलात तर मोठे सामने, कोटावर बिल्ला, पेपरात कधी नाव. मी म्हटलं, हे लिहिलंत तर यादीत येणार नाही. तुम्ही म्हणालात, "नाही येणार. त्याला मी शब्द दिलाय." आणि आंघोळीला गेलात.

मी ती दोन वाक्यं उतरवून घेतली. सकाळी प्रत करताना गाळली. नुसती गाळली असती तर म्हणता आलं असतं की विसरले. मी त्यांच्या जागी एक सुबक वाक्य घातलं, की निर्णय जवळून पाहून घेतला होता आणि शंकेला जागा नव्हती. इंग्लिशमध्ये ते फार छान जमलं होतं. खाली कारखान्याची बस हॉर्न देत होती. तुम्ही सही केलीत आणि डबा उचललात.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे मी तुमच्यासाठी केलं. ते खरं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना सांगायला मला नवरा हवा होता.

यादीत तुमचं नाव आलं. बिल्ला मी माझ्या हाताने शिवला, बारीक टाक्यांनी. तुम्ही आरशात बघून मुलासारखे हसलात. त्यानंतर दोनच आठवड्यांनी एका संध्याकाळी तुम्ही सामन्याहून आलात आणि बूट न काढता कपाटातली फाइल काढलीत. माझा शाळेचा शब्दकोश घेतलात. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते आणि दारातून मला तुमची पाठ दिसत होती. एका पानाचा तो अहवाल, पण तुम्ही शब्द शोधत शोधत वाचत होतात, बोट ठेवून. पोळ्या संपल्या तरी तुमचं वाचणं संपलं नव्हतं. मग कागद तारखेप्रमाणे जागच्या जागी लावलात, फाइल ठेवलीत आणि जेवायला बसलात. जेवताना म्हणालात, "यापुढे अहवाल मीच लिहीन. तुला पेपर तपासायचे असतात."

मी म्हटलं, "बरं."

त्या "बरं"ची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. तुम्ही मला बोलायला जागा करून दिली होती, आणि मी वरण वाढलं.

महिन्याभरात तुम्ही वरची यादी सोडलीत. कारण सांगितलंत, गुडघा. बिल्ला उसवून मला परत दिलात. मी वर्षानुवर्षं भांडले त्या गुडघ्यावरून. तीन मजले चढताना बरा दुखत नाही तुमचा गुडघा, शाळेच्या पोरांमागे पळताना बरा दुखत नाही. पाहुण्यांसमोर टोमणे मारले, अमोलच्या लग्नातसुद्धा मारले. मला खरं कारण माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. तुम्ही हसून गुडघा चोळायचात. पुढे पुढे तर तुम्ही खरोखरच लंगडायला लागलात, आणि त्यातलं वय किती आणि माझं झाकण्यासाठी किती, हे मी कधी विचारलं नाही.

मग आपण डोंबिवलीला राहायला आलो. तुम्ही निवृत्त झालात तरी आसपासच्या गावांचे, शाळांचे सामने चालूच होते. एकदाच मी बघायला आले, रेवा सहा वर्षांची असताना तिचा हट्ट म्हणून. तुम्ही शिट्टी फुंकलीत आणि दोरीच्या पलीकडून पन्नासेक माणसं एका सुरात ओरडली, "लिहितो! लिहितो!" आणि हशा. दुसऱ्यांदा शिट्टी, पुन्हा तेच. रेवा टाळ्या वाजवून तीही ओरडली. घरी येताना मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "पोरं आहेत, काहीतरी ओरडतात."

रेवा, तुला आठवत असेल. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुझे आजोबा गेल्यावर तेराव्या दिवशी कळला.

त्या दुपारी वॉचमनने वर फोन केला की काकू, तुम्ही पाण्याचा टँकर मागवलाय का, गेटात आडवा उभा आहे. टँकरमधून उतरून वर आलेल्या माणसाने नाव सांगितलं, हरेश्वर. केस पिकलेले, पोट सुटलेलं. दिव्यात टँकर पुरवण्याचा त्याचा धंदा आहे. तुमच्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ उभा राहिला, मग खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "काकू, सरांना मी लय तरास दिलाय. ते सांगायला आलो."

त्याने जे सांगितलं ते असं. बंदीचा कागद मैदानावर लागला तेव्हा तो तुम्हाला येऊन भिडला. तुम्ही म्हणालात, मी लिहिलंय. त्याने कागद तुमच्यासमोर धरला. ही तीच संध्याकाळ असणार, शब्दकोशाची. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही दिव्याला त्याच्या घरी गेलात. संघटनेला पाठवलेल्या दुसऱ्या पत्राची प्रत नेली होतीत, स्वतःच्या हाताने लिहिलेली, की खेळाडू निर्दोष आहे, पहिला अहवाल चुकीचा आहे आणि माझं नाव यादीतून काढावं. बंदी उठली. पण कंपनीची माणसं येऊन, बघून, दुसऱ्याला घेऊन गेली होती.

"मी विचारला, पयल्या टायमाला का नाय लिवला? तुमी शब्द दिलेला. सर बोलले, सही माझी आहे ना, मग चूक माझीच. बस, तेवढाच बोलले. बानं दार लोटला. पानी पन नाय विचारला आमी." मग खाली बघत म्हणाला, "ती हाक मीच काढलेली काकू. लिहितो, लिहितो. आख्ख्या मैदानाला शिकवली."

मी तुमची बायको, इंग्लिशची शिक्षिका, तुमच्या फोटोखाली बसले होते. त्याने बशीत चहा ओतला, प्यायला, आणि वाट बघितल्यासारखा बघत राहिला. मी म्हटलं, "हो. ते तसेच होते."

आणि तो गेला. दुसऱ्यांदा मी ती दोन वाक्यं गाळली.

सात दिवस मी तुमच्या कपड्यांच्या घड्या केल्या, फायलींना नवीन लेबलं लावली. मग विसाव्या दिवशी रिक्षा दोनदा बदलून दिव्याला गेले. टँकर भरण्याच्या जागी तो पाइप धरून उभा होता, बायकांची रांग लागली होती. मला बघून त्याने पाइप दुसऱ्याच्या हातात दिला आणि घरी नेलं. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सांगितलं की अहवाल मी लिहिला होता, त्यांनी सांगितलेलं मी गाळलं, त्यांना माहीतही नव्हतं.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता हिशेब लागत नसल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे त्यांनी मना खराच सांगितलेला शेडमधी." आणि ओले हात पुसत, "मी तीस वर्सं त्यांना खोटारडा बोललो, काकू. रस्त्यात दिसले तर थुकलोय मी. तुमी आता सांगता. आता मी कोनाला जाऊन बोलू?"

त्याच्या बायकोने पाणी आणलं. जिथे पाणी टँकरने येतं त्या दिव्यात भरलेला तांब्या परत पाठवू नये एवढं मलाही कळतं. मी उभ्यानेच प्यायले. निघताना म्हटलं, मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "मना एकट्याला सांगून काय व्हनार? मी एकटा वराडलो का? मैदान वराडायचा. मैदानाला सांगा."

काल रविवार होता. डोंबिवलीच्या मैदानावर सामन्याआधी तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं होतं. हरेश्वरने जुनी माणसं गोळा केली होती, तीस-चाळीस, त्यातले बरेचसे आता माझ्यासारखेच चष्मेवाले. रेफरी एक मुलगी होती, पंचविशीची, दोन्ही मनगटांवर घड्याळं. मी विचारलं तर म्हणाली, "सरांनीच लावायला सांगितलेली." शांतता संपल्यावर हरेश्वर म्हणाला, काकूंना बोलायचंय. वर्गात पस्तीस वर्षं बोललेली मी, माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. मागून कोणीतरी म्हणालं, जोरात बोला. मग मी सगळं जोरात सांगितलं. शाळेतलं "ओळखीचे आहेत"सुद्धा सांगितलं, ते ठरवलं नव्हतं.

दोरीपलीकडचा एक म्हातारा टोपी काढून पायाकडे बघत होता. हरेश्वर माझ्याकडे बघत नव्हता, मैदानाच्या मधोमध बघत होता, जिथे तुम्ही उभे राहायचात. मला कोणी धीर दिला नाही, आणि तेच बरोबर होतं.

मग ती रेफरी मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. तिला आजचा अहवाल लिहायचा होता, सामना दहा मिनिटं उशिरा का सुरू झाला ते त्यात द्यावं लागणार होतं. तिने विचारलं, "काकू, तुम्ही बोललात ते लिहू का अहवालात?"

मी म्हटलं, लिही. माझं पूर्ण नाव घाल. चार नंबरचा खेळाडू निर्दोष होता, रेफरीने तसं सांगितलं होतं, आणि लिहिणारीने ते गाळलं.

तिने दोरीला टेकून लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढे केली. मी पेन हातात घेतलं, आणि तुम्ही आठवलात, बसच्या हॉर्नमध्ये, उभ्याउभ्या.

मी वही तिला परत दिली.

"आधी मला वाचून दाखव," मी म्हटलं. "मग सही करते."